गाव पाटलाला धरून डिजिटल बँकिंग रुजतं का? एटापल्ली-भामरागडकडच्या कामावरून सांगतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. एक ताई संस्थेत नवीन लागल्यात, गडचिरोलीच्या दक्षिणेकडे, एटापल्ली-भामरागड भागात गावागावांत डिजिटल बँकिंग पोचवायचं काम त्यांच्याकडे आलंय. वरून सांगितलंय की गाव पाटील, भूमया, गायता या गावच्या पारंपरिक पुढाऱ्यांना पकडा, त्यांच्या तोंडून सांगायला लावा म्हणजे लोक ऐकतील. आणि ऑफिसातले जुने लोक म्हणतात या म्हाताऱ्यांच्या नादी लागू नका, शिकलेली पोरं धरा, मोबाईल त्यांच्याकडेच आहेत. ताई विचारतायत नेमकं काय करू.

मी या पट्ट्यात बँक मित्रांचं, म्हणजे छोट्या मशीनवर अंगठा घेऊन बँकेच्या वतीने गावात पैसे देणाऱ्या बीसी लोकांचं काम बघत आलोय, शाखेच्या बाजूनेही आणि गावाच्या बाजूनेही, त्यामुळे उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

ताई, पाटील माणसाला मशीनपर्यंत आणतो, पहिल्यांदा अंगठा लावायला लावतो. पण तोच माणूस दुसऱ्यांदा स्वतःहून येईल का हे पाटलाच्या हातात नसतं, पहिल्या वेळी पैसे पूर्ण हातात पडले का, आणि अडकले असतील तर कोणी ते सोडवून दिले का यावर ते ठरतं. म्हणून पाटलाच्या दारात जायच्या आधी स्वतःच्या ऑफिसात एक गोष्ट विचारा: एखाद्या बाईचे दोन हजार अडकले तर तक्रार कोण करणार, कुठे करणार, किती दिवसांत? याचं उत्तर नसेल तर पाटलाला भेटूच नका. कारण तो 'लावा अंगठा' म्हणतो तेव्हा स्वतःचा शब्द घालत असतो, आणि पैसे बुडाले तर बँकेला कोणी काही म्हणत नाही, बँक तर पन्नास किलोमीटरवर आहे, शिव्या पाटलाला पडतात. एकदा असं झालं की त्या गावात पुढची कितीतरी वर्षं कोणीही मशीन घेऊन गेलं तरी लोक नुसते बघत बसतात.

आता माणसं ओळखून घ्या. माडिया आदिवासींच्या गावात सगळे पुढारी एका मापाचे नसतात. पाटील हा गावाचा बाहेरच्या जगाशी बोलणारा माणूस, पेरमा देवाधर्माचं बघतो, भूमया आणि गायता यांची कामं गावागणिक बदलतात, कुठे गायताच सगळं बघतो. वर परत इलाका असतो, अनेक गावांचा मिळून, त्याचे वडीलधारे वेगळे. आणि या सगळ्यांच्या बाजूला पोलीस पाटील, सरपंच, ग्रामसभेचा अध्यक्ष, हे कागदावरचे लोक. बाहेरून आलेला माणूस सरपंचाला भेटतो आणि समजतो गाव भेटलं. पण तिकडे एका ग्रामपंचायतीत डझनभर पाडे-गावं असू शकतात आणि सरपंच दुसऱ्याच गावचा असतो. पैशाच्या गोष्टीत कोणाचा शब्द चालतो हे आधी विचारून घ्या, आणि ते पुरुषांना नाही, हातपंपावर बायांना विचारा, खरं उत्तर तिथे मिळतं.

दुसरं, पाटील हुकूम सोडत नाही. हा गैरसमज शहरातून येताना सगळेच घेऊन येतात. गोटुलमध्ये, म्हणजे गावाच्या सामायिक घरात, बैठक बसते, बोलणं चालतं, मध्येच विषय सुटतो, लोक उठून जातात, परत बसतात, आणि सगळ्यांचं एक झालं की पाटील ते बोलून दाखवतो. इकडे उत्तरेला धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) तर सर्वसहमतीनेच निर्णय घेण्यासाठी देशभर माहीत आहे, 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा तिथली. म्हणून पाटलाला बाजूला घेऊन, चहा पाजून, फॉर्मवर सही घेऊन काम होईल असं समजू नका. त्याला एकट्याला पटवलंत तर उलट गाव त्याच्यावरच संशय घेतं की याला काय मिळालं. बैठकीत बोला, दोन बैठका लागतील, तीन लागतील, लागू द्या. पंडुमच्या, म्हणजे गावच्या सणाच्या दिवसांत आणि धान कापणीत तर जाऊच नका, पंडुमची तारीख गाव ठरवतं, तुमच्या कॅलेंडरवर ती नसते, आधी फोन करून विचारा.

आता मशीनवर काय होतं ते जरा जवळून बघा, कारण सगळा खेळ तिथेच आहे. आठवडी बाजाराचा दिवस, बीसीचं छोटं मशीन, समोर रांग. बाई आधार नंबर सांगते किंवा कार्ड देते, बँक निवडायची, रक्कम टाकायची, अंगठा. मे-जून असेल तर अंगठा लागतच नाही, तेंदूची पानं तोडून, पुडे बांधून बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. बीसी म्हणतो केसांवर घास, परत लाव, दुसरं बोट लाव. तीन-चार वेळा अंगठा लागतो. आता यातल्या कोणत्या वेळी व्यवहार झाला आणि कोणत्या वेळी फेल गेला हे बाईला कसं कळणार? मशीनचा आवाज हिंदीत, पावती इंग्रजीत, आणि पावतीचा रोल बऱ्याच वेळा संपलेला. बीसी प्रामाणिक असेल तर काही नाही. नसेल तर 'नाही झालं, पुढच्या बाजारी ये' म्हणून पैसे खिशात. 'बॅलन्स बघतो' म्हणून अंगठा घ्यायचा आणि प्रत्यक्षात पैसे काढायचे, हाही प्रकार मी स्वतः पकडलाय, एका बँकेच्या बीसीकडे, आणि त्या बँकेने तक्रारीला उत्तर द्यायलाच काही महिने लावले.

इथे दोन गोष्टी वेगळ्या करा. पहिली, खरोखर तांत्रिक बिघाड, म्हणजे खात्यातून कटले पण मशीनवर फेल आलं. यावर रिझर्व्ह बँकेचं २० सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक आहे, मायक्रो एटीएम असो की आधारवरचा व्यवहार, पाच दिवसांत पैसे आपोआप परत आले पाहिजेत, उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई, अर्ज न करता. हे पाटलाला माहीत असलं पाहिजे, नुसतं 'येतील पैसे' नाही, 'पाच दिवस' हा आकडा माहीत असला पाहिजे. दुसरी गोष्ट, व्यवहार यशस्वी झालाय पण बीसीने पैसे दिलेच नाहीत. हे आपोआप कधीच परत येणार नाही, कारण सिस्टिमच्या दृष्टीने सगळं बरोबर आहे. इथे लेखी तक्रारच लागते. आधी बँकेकडे, ३० दिवसांत उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, त्याची माहिती १४४४८ वर मिळते. कोणी तिऱ्हाइताने फसवून पैसे काढले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन, आणि बँकेला तीन कामाच्या दिवसांच्या आत कळवायचं, त्या मुदतीला फार महत्त्व आहे.

पाटलाचा सगळ्यात चांगला उपयोग कुठे होतो सांगू? जाहिरातीत नाही, तक्रारीत. गावातली पहिली अडकलेली रक्कम असेल ना, तिची तक्रार पाटलाला सोबत घेऊन करा. शाखेत जाताना त्याला गाडीत बसवा, अर्ज त्याच्यासमोर लिहा, पोच त्याच्या हातात द्या, पैसे आले की गोटुलमध्ये तोच सांगेल. शंभर पोस्टर लावून जे होत नाही ते या एका गोष्टीने होतं. शाखेतले साहेबही पाटील समोर बसला की जरा नीट बोलतात, एकट्या बाईला 'सर्व्हर डाऊन आहे' म्हणून पाठवून देतात. बीसीलाही कळतं की या गावात पावती मागणारा कोणीतरी आहे. बीसींची बाजू पण ऐकून घ्या हं, कमिशन तुटपुंजं, रोकड शाखेतून स्वतःच्या जबाबदारीवर आणायची, पेट्रोल स्वतःचं, मग हजारामागे दहा-वीस रुपये कापतो आणि लोकांना तो सरकारी दरच वाटतो. त्याला नुसतं चोर म्हणून चालत नाही, पण 'कट' उघड बोलला गेला पाहिजे, आणि पाटलासमोर बोलला गेला पाहिजे.

आता पाटलाच्या अंगाने जे धोके येतात ते. पहिला धोका म्हणजे कार्ड आणि पिन. २८ ऑगस्ट २०१४ ला जनधन सुरू झालं, खाती धडाधड उघडली, रुपे कार्डं आली, आणि लोकांनी काय केलं, हरवायला नको म्हणून विश्वासाच्या माणसाकडे ठेवायला दिली. पाटलाच्या घरी, दुकानदाराकडे, आश्रमशाळेच्या मास्तरकडे. पत्र्याच्या पेटीत रबर लावून कार्डांची गड्डी, कार्डाच्या मागेच बॉलपेनने पिन लिहिलेला. पाटील पैसे खातो असं अजिबात नाही, बहुतेक ठिकाणी तो बिचारा जपूनच ठेवतो. पण त्याचा मुलगा, पुतण्या, जावई? शिवाय गाव म्हणतं पाटलाकडे आहे म्हणजे आपल्याला शिकायची गरज नाही. तुम्ही पाटलाला 'डिजिटल दूत' वगैरे बिल्ला लावलात की ही पेटी अजून भरते. त्यामुळे पहिल्याच बैठकीत त्याच्याच तोंडून हे यायला पाहिजे की कार्ड ज्याचं त्याच्या घरी, पिन मला पण सांगू नका. तो हे बोलतो तेव्हा लोक ऐकतात, तुम्ही-मी बोललो तर ऐकत नाहीत.

दुसरा, मोबाईल नंबर. हा कोणी तपासतच नाही. कॅम्पमध्ये खातं उघडताना माणसाकडे फोन नव्हता, मग कोणाचा तरी नंबर टाकला, बीसीचा, पाटलाच्या मुलाचा, रोजगार सेवकाचा. आज त्या नंबरवर सगळे मेसेज, सगळे ओटीपी जातात. मी असे नंबर बघितलेत ज्याला अर्ध्या गावाची खाती जोडलेली आहेत. यूपीआय शिकवायच्या आधी हे दुरुस्त करा, नाहीतर तुम्ही शिकवणार एकाला आणि खातं चालवणार दुसरा. नंबर बदलायचा फॉर्म शाखेतच भरावा लागतो, त्यामुळे गाडी करून वीस-वीस जणांना घेऊन जावं लागतं, कंटाळवाणं काम आहे, रिपोर्टमध्ये फोटो चांगला येत नाही, पण याला पर्याय नाही.

तिसरा, टार्गेट. तुमच्यावर नवीन खात्यांचं टार्गेट असेल तर आत्ताच वरच्यांशी भांडा. ज्या माणसाचं आधीच खातं आहे त्याचं अजून एक उघडलं, आणि त्याला आधार जोडलं, की डीबीटीचे पैसे, म्हणजे पेन्शन, रोहयोची मजुरी, लाडक्या बहिणीचे १५०० रुपये, हे सगळं शेवटी ज्या खात्याला आधार जोडलंय तिकडे वळतं. बाई जुनं पासबुक घेऊन चकरा मारते, शाखा म्हणते पैसे आलेच नाहीत, आणि पैसे पडलेले असतात तुमच्या कॅम्पवाल्या खात्यात, जे तिला आठवतही नाही. २०२४ मध्ये लाडकी बहीण सुरू झाल्यावर हा घोळ सगळ्या तालुक्यांत दिसला. आता ज्या पाटलाने 'उघडा खातं' म्हटलं होतं त्याचं काय होत असेल विचार करा. म्हणून नवीन खातं शेवटचा उपाय, आधी असलेल्या खात्याचं सीडिंग, म्हणजे आधारची जोडणी, तपासा, ते बंद पडलं असेल तर केवायसी करून चालू करा.

आणि बायांचं वेगळं बोलायलाच पाहिजे. पाटील, भूमया, गायता, सगळे पुरुष. गोटुलच्या बैठकीत बाया असतात पण मागे बसतात, पैशाबद्दल तिथे बोलत नाहीत. तुम्ही फक्त पाटलामार्फत गेलात तर घरटी एक खातं, एक फोन, एक पिन, आणि तो नवऱ्याकडे, असंच होणार. त्यात अजून एक, कॅम्प एकाच दिवशी ठेवला की त्या दिवशी कुर्मा घरात, म्हणजे पाळीत वेगळं राहायच्या झोपडीत असलेल्या बाया येऊ शकत नाहीत, आणि त्या 'गैरहजर' म्हणून यादीतून गळतात. दर गावात किमान दोन तारखा ठेवा, मध्ये आठवडाभर अंतर. कोण का आली नाही हे चारचौघांत विचारायचं नाही, दुसऱ्या तारखेचा निरोप बचत गटाच्या बायांमार्फत द्यायचा. उमेद या सरकारी अभियानाच्या गटातली बँक सखी, म्हणजे गावातच बीसीचं काम करणारी बाई असेल तर रोजचं काम तिच्याकडेच सोपवा, ती माडिया बोलते, घरात जाऊ शकते, अंगठा कधी लागला कधी नाही हे बाईला समजावू शकते. पाटलाने फक्त एवढं करायचं की बँक सखीकडे पैसे काढायला जाणं ही गावाला मान्य गोष्ट आहे हे एकदा सांगायचं. बस. त्याहून जास्त नको.

कुठून सुरुवात करू म्हणाल तर मी तेंदूपासून करेन. यूपीआयपासून नाही, मोबाईल ॲपपासून तर नाहीच. वनहक्क कायदा २००६ चा, पेसाचे, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याचे, महाराष्ट्राचे नियम २०१४ चे, त्यानंतर जिल्ह्यातल्या कितीतरी ग्रामसभा तेंदू आणि बांबूचा लिलाव स्वतः करतात. म्हणजे ग्रामसभेचं स्वतःचं खातं आहे, पॅन आहे, सह्या करणारे ठरलेले आहेत, ठेकेदाराकडून रॉयल्टी येते, मजुरी वाटायची असते. ७० पानांचा एक पुडा, शेकड्याला दर, फळीवर, म्हणजे पानं गोळा करायच्या जागी, दिवाणजी मोजून घेतो, हा हिशेब निरक्षर म्हातारीला पण तोंडपाठ असतो, तिला कोणी एका पुड्याला फसवू शकत नाही. मग जिथे हिशेब तिला आधीच येतो तिथेच बँक जोडा. फळीच्या वहीत किती पुडे, किती रुपये, आणि खात्यात किती आले, हे दोन आकडे जुळले की बँकेवर विश्वास बसतो, त्याला भाषण लागत नाही. ग्रामसभेचं खातं संयुक्त सह्यांचं असल्यामुळे त्यावर यूपीआय सहसा मिळत नाही, चेकसोबत मजुरांची यादी देऊन शाखेतून प्रत्येकाच्या खात्यात टाकायचे, यादीत खाते क्रमांकाचा एक आकडा चुकला की पैसे दुसऱ्याकडे, म्हणून यादी शाखेत जायच्या आधी बैठकीत मोठ्याने वाचायची, नाव आणि खात्याचे शेवटचे चार आकडे. इथे पाटील हवाच. तो वाचायला लावेल, लोक 'हो, माझंच' म्हणतील.

रोख बंदच करा असं मात्र म्हणू नका. पावसाळ्यात नाले भरले की कितीतरी गावांचा संपर्क तुटतो, टॉवर डिझेलवर, रेंज टेकडीवर. पूर्वी तर टॉवर जाळायचेच दिवस होते. अशा ठिकाणी माणूस हाताशी रोख ठेवणारच, तो शहाणपणा आहे त्याचा. जून लागायच्या आधी पैसे काढून ठेवायला पाटलानेच सांगावं, त्यात काही मागासलेपण नाही.

पोरांचं काय, तर पोरं धराच, पण वेगळ्या कामाला. ज्यांच्याकडे स्मार्टफोन आहे ती आधीच यूपीआय वापरतात, एटापल्लीत किराणा दुकानात, पंक्चरच्या दुकानात क्यूआर लावलेलेच आहेत. साध्या फोनवाल्यांसाठी इंटरनेटशिवाय पैसे पाठवायला *९९# आहे, २०२२ पासून १२३पे आहे, दोन्ही मी शिकवून बघितलंय, मेन्यू लांब, मध्येच सेशन तुटतं, पन्नाशीच्या पुढचा माणूस परत हात लावत नाही. त्यापेक्षा अंगठा किंवा चेहरा बरा, पोस्टाच्या पेमेंट्स बँकेने २०२५ पासून चेहऱ्यावरून व्यवहार सुरू केलेत, झिजलेल्या बोटांना ते सोयीचं पडेल. पोरांना म्हाताऱ्यांचे व्यवहार करायला लावू नका, पावती वाचायला लावा. एवढंच काम द्या, बाजाराच्या दिवशी मशीनजवळ उभं राहून प्रत्येकाची पावती वाचून सांगायची, किती काढले, किती राहिले.

एक गोष्ट कायद्याची. कधीकधी पाटील उत्साहात येतो आणि म्हणतो जो खातं उघडणार नाही त्याला गावाचा दंड. ऐकायला छान वाटतं, काम झटपट होतं. तिथल्या तिथे थांबवा. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राचा २०१६ चा कायदा आहे, प्रकरण दंडावरून वाळीत टाकण्यावर गेलं तर तो लागतो आणि त्यात तुमची संस्थाही ओढली जाईल. शिवाय दंडाच्या भीतीने उघडलेली खाती मरतात, मी बघतोय ना, शून्य शिल्लक, एकही व्यवहार नाही.

तुम्ही हे दुसरीकडे नेणार असाल तर सगळं जसंच्या तसं चालणार नाही. यवतमाळकडे बंजारा तांड्यावर नाईक आणि कारभारी असतात, तिथे नाईकाचा शब्द जास्त सरळ चालतो, पण अर्धा तांडा ऊसतोडीला गेलेला असतो आणि खरी सत्ता मुकादमाकडे, कारण उचल त्याने दिलेली. मुकादमाला 'लीडर' म्हणून यादीत घातलंत तर कामगाराचं एटीएम कार्ड थेट सावकाराच्याच हातात दिल्यासारखं आहे. लोक ज्याचं देणं लागतात त्याला या कामात घ्यायचंच नाही, मग तो कितीही मानाचा असो. हा नियम पाटलालाही लावा, त्याच्या घरचं किराणा दुकान असेल आणि लोकांची उधारी तिथे चालत असेल तर बीसीचं मशीन त्या दुकानात नको.

मोजायचं काय, हे वरिष्ठ विचारतीलच. किती खाती उघडली हे सोडा. सहा महिन्यांनी दोनच गोष्टी बघा, किती जण पाटील किंवा बँक सखी सोबत नसताना दुसऱ्यांदा पैसे काढून आले, आणि किती तक्रारी लेखी झाल्या. तक्रारी शून्य असतील तर खूश होऊ नका, याचा अर्थ लोकांनी नाद सोडला.

आत्ता तुमच्या हातात पावसाळ्यानंतरचा काळ असेल तर घाई करू नका, धान निघू द्या. जानेवारीत बैठका, फेब्रुवारी-मार्चमध्ये मोबाईल नंबर आणि सीडिंग तपासणं, एप्रिलमध्ये ग्रामसभेची मजुरांची यादी वाचून पक्की करणं, म्हणजे मे महिन्यात फळी सुरू होईल तेव्हा पैसे योग्य खात्यात पडतील. शाखेच्या साहेबांना मार्चअखेरीच्या आधीच भेटून घ्या, एप्रिलमध्ये त्यांच्या बदल्या होतात आणि मग सगळं परत पहिल्यापासून सांगावं लागतं.